आतल्या गाठीचा रॉकस्टार, तितकीच मिटलेली नायिका: कथा थंड का पडते?

शाईचा_डाग

रॉक बँडच्या टूरवर घडणारी प्रेमकथा लिहितोय. पहिला खर्डा ७८,००० शब्दांचा झालाय, ३१ प्रकरणं. नायक बँडचा मुख्य गायक, वय ३४. नायिका त्याच टूरवरची मॉनिटर इंजिनिअर, म्हणजे कलाकारांना स्टेजवर ऐकू येणारा आवाज सांभाळणारी तंत्रज्ञ, वय ३१. एक प्रकरण त्याच्या तोंडून, एक तिच्या. दोघंही मन मोकळं न करणारी, आणि तेच कथेचं बळ व्हावं अशी माझी इच्छा आहे.

चौघांनी खर्डा वाचला आणि चौघांची तक्रार एकच निघाली. सतराव्या प्रकरणापर्यंत ही दोघं एकमेकांना आवडतात हे कळत नाही, आणि अठराव्यात हॉटेलच्या जिन्यावर तो तीन पानं बोलतो तेव्हा हे कुठून आलं तेही कळत नाही. सहाव्या प्रकरणातला हा तुकडा पाहा:

"साउंडचेक संपल्यावर तो माझ्या डेस्कपाशी आला. काहीच बोलला नाही. मीही बोलले नाही. आमच्यात एक भिंत होती. त्याच्या डोळ्यांत जुनं दुःख होतं, पण ते कसलं ते मला कळलं नाही."

मिटलेपण तसंच ठेवून ओढ कशी दाखवायची? दोघंही हातचं राखून वागत असतील तर पहिलं पाऊल कुणाचं? शेवटी तो भर कार्यक्रमात तिच्यासाठी लिहिलेलं गाणं गातो. हे घासून गुळगुळीत झालंय हे मलाही कळतं, पण दुसरं सुचत नाही. पूर्ण खर्डा सोबत जोडलाय, टूरच्या तपशिलांत कुठे घसरतोय तेही सांगा.

उलटं_पान

अडचण या तुकड्यातच दिसते. "काहीच बोलला नाही, मीही बोलले नाही" असं लिहिलं की पात्रं पानावरून गायब होतात. आतल्या गाठीची माणसं सहसा भरपूर बोलतात. कामाचं बोलतात, हसवतात, समोरच्याला प्रश्न विचारत राहतात, म्हणजे स्वतःवर प्रश्न येत नाही. ताकास तूर लागू न देणं हे मेहनतीचं काम आहे. ती मेहनत वाचकाला दिसली की आत काहीतरी आहे हे तो आपोआप ताडतो.

"भिंत" आणि "जुनं दुःख" खोडा. त्याऐवजी प्रत्येक पात्रासाठी एकेक वाक्य कागदावर लिहा, त्यात तीन गोष्टी असू द्या: तो काय झाकतोय, कोणत्या युक्तीने झाकतोय, आणि त्या युक्तीची रोजची किंमत काय. युक्ती नेमकी हवी. "तो कुणाला जवळ येऊ देत नाही" ही युक्ती झाली नाही. "कुणी काळजीने विचारलं की तो लगेच त्या माणसाला एखादं काम सांगतो" ही झाली. अशी युक्ती तुम्ही वीस प्रसंगांत वीस प्रकारे वापरू शकता, आणि एकविसाव्यात तो काम सांगत नाही तेव्हा वाचकाच्या काळजात चर्र होतं.

रॉकस्टारच्या बाबतीत एक जास्तीची सोय आहे आणि ती बहुतेक लेखक वाया घालवतात. हा माणूस रोज रात्री हजारो लोकांपुढे छाती फोडून गातो. त्याच्या गाण्यांत आई आहे, घर सोडणं आहे, पहिलं प्रेम आहे. जगाला वाटतं याने सगळं सांगून टाकलंय. ते सांगणंच त्याचं लपणं असू द्या. मुलाखतींत तो एक ठरावीक किस्सा सांगतो, म्हणजे पहिलं गिटार कसं मिळालं वगैरे, वर्षानुवर्षं तेच शब्द, त्याच जागी तोच पॉज. तिसऱ्या प्रकरणात तो हा किस्सा पत्रकाराला सांगतो. अकराव्यात तोच किस्सा नायिकेला सांगतो, शब्दन् शब्द तसाच, आणि तिला कळतं की आपल्याला मुलाखत मिळाली. अठराव्यात, जिन्यावर, तो पुन्हा तिथून सुरुवात करतो आणि दुसऱ्या वाक्यात अडखळतो, कारण या वेळी खरं काय झालं ते सांगतोय. एवढं केलंत तर जिन्यावरची तीन पानं पाऊण पानावर येतील.

तुमचाच प्रसंग असा करून बघा (डेस्क म्हणजे आवाज जुळवायचं यंत्र, फेडर म्हणजे त्यावरची आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी, इन-इअर म्हणजे गायक कानात घालतो ते छोटे स्पीकर):

साउंडचेक संपला. तो डेस्कपाशी आला, इन-इअर काढून हातात धरले.
"तिसऱ्या गाण्यात बेस जास्त येतोय."
तिसऱ्या गाण्यातला बेस कालपासून कुणी हलवला नव्हता. "किती कमी करू?"
"थोडा." तो जागचा हलला नाही. "जेवलात?"
"दोन डेसिबल उतरवलाय."
फेडरला मी बोटही लावलं नव्हतं.
"आता बरोबर," तो म्हणाला. त्याने इन-इअरच्या वायरीची गुंडाळी केली, सोडली, पुन्हा केली.

इथेही कुणी काही कबूल केलेलं नाही. पण तो निमित्त काढून आलाय, तिला ते निमित्त आहे हे कळलंय, जेवणाचा प्रश्न तिने डेसिबलने परतवलाय, आणि न ऐकताच "बरोबर" म्हणून त्याने स्वतःला उघडं पाडलंय. वाचकाला दोघांपेक्षा थोडं जास्त माहीत असणं, ओढ तिथून येते.

आता पहिलं पाऊल कुणाचं. दोघांचं मिटलेपण एकाच जातीचं ठेवलंत तर कथा जागची हलणार नाही. याबाबत मानसशास्त्रातली एक मांडणी लेखकाला फार उपयोगी पडते. लहान मुलांच्या आसक्तीवरचं, म्हणजे आईशी असलेल्या भावनिक बंधावरचं, बोल्बी आणि एन्सवर्थ यांचं काम पुढे १९८७ मध्ये हझान आणि शेव्हर यांनी प्रौढांच्या प्रेमसंबंधांना लावलं, आणि १९९१ मध्ये बार्थोलोम्यू व होरोविट्झ यांनी दूर राहणाऱ्या माणसांचे दोन वेगळे प्रकार मांडले. एकाला जवळीक नकोशी, कारण "मला कुणाची गरज नाही" यावर त्याचा डोलारा उभा आहे. दुसऱ्याला ती हवी असते, पण ती मिळाली की दुखावलं जाणार याची खात्रीच असते. पहिला चांगल्या रात्रीनंतर सकाळी कामात बुडतो आणि समोरच्यात खोट काढायला लागतो. दुसरा स्वतःहून पुढे येतो आणि ऐन वेळी पाय मागे घेतो. नायक पहिल्या जातीचा, नायिका दुसऱ्या जातीची केलीत तर पहिलं पाऊल तिचं, पहिला घाव त्याचा, आणि परत येण्याचं काम त्याचं, हे आपसूक ठरतं.

अजून एक. स्राउफ आणि वॉटर्स यांनी १९७७ मध्ये नोंदवलं होतं की आई थोडा वेळ दूर जाऊन परत आल्यावर तिच्याकडे दुर्लक्ष करून खेळण्यात रमलेल्या, जवळीक टाळणाऱ्या मुलांच्या हृदयाचे ठोकेही वाढलेले असतात. चेहरा शांत, छातीत धडधड. प्रथमपुरुषी निवेदनात हे अडचणीचं आहे, कारण मिटलेला माणूस स्वतःलाही सांगत नाही. म्हणून त्याच्या प्रकरणांतून "मला वाटलं", "मला जाणवलं" शोधून काढा आणि निम्मे तरी कापा. तिथे त्याची नजर कशावर गेली ते लिहा. अस्वस्थ असला की तो वस्तू मोजतो, तारा पुसतो, सेटलिस्टचा (कार्यक्रमातल्या गाण्यांच्या यादीचा) कोपरा दुमडतो. धडधड त्याला कळत नसली तरी वाचकाला कळू द्या.

मंचामागची

उलटं_पान यांनी लिहिलेला प्रसंग वाचायला छान आहे, पण त्यात एक व्यावसायिक गफलत आहे. फेडर न हलवता "उतरवलाय" म्हणणं ही गोष्ट या धंद्यात घडते. पण मॉनिटर इंजिनिअरची सगळी नोकरी गायकाच्या विश्वासावर उभी असते. गायकाला स्टेजवर जे ऐकू येतं ते सगळं तिच्या हातात असतं. एकदा खोटं पकडलं गेलं की तो प्रत्येक रात्री शंकेने ऐकणार. प्रसंग ठेवा, फक्त तो असा ठेवा की तिला या खोटेपणाचा नंतर त्रास व्हावा. किंवा ती खरंच दोन डेसिबल उतरवते आणि रात्रीच्या कार्यक्रमात तिसऱ्या गाण्याला तो टॉकबॅकवर (प्रेक्षकांना ऐकू न जाणाऱ्या माइकवर) म्हणतो, "होतं तसंच करा." माझ्या मते दुसरं जास्त गोड आहे.

तुम्ही नायिकेला हे काम दिलंत तेव्हा किती मोठा खजिना हाती आला याची खर्ड्यात जाणीव दिसत नाही. प्रेक्षकांना जो आवाज ऐकू येतो तो सांभाळणारा इंजिनिअर समोर, प्रेक्षकांत बसतो. मॉनिटर इंजिनिअर स्टेजच्या कडेला, पडद्याच्या आड असतो, गायकापासून पाच-दहा मीटरवर. तो गायकाचंच मिक्स, म्हणजे गायकाच्या कानात जाणारा एकत्र जुळवलेला आवाज, कानात घेऊन बसतो, बहुतेकदा त्याच बनावटीचे इन-इअर घालून. म्हणजे कार्यक्रमभर नायिका त्याच्या कानांनी ऐकते. गाण्यांच्या मध्ये तो माइकपासून तोंड वळवून श्वास घेतो, पाणी पितो, खाकरतो, हे सगळं तिला कानाला लागून ऐकू येतं. कुठल्या ओळीआधी त्याचा श्वास अडतो हे तिला त्याच्याआधी माहीत असतं. तिला तो आवडतो हे एका शब्दाने न सांगता तुम्ही हे लिहू शकता.

टॉकबॅक माइक म्हणजे स्टेजवरचा असा माइक की ज्याचा आवाज फक्त तंत्रज्ञांना आणि बँडच्या इन-इअरमध्ये जातो, प्रेक्षकांना नाही. गायकाजवळ तो वेगळ्या स्टँडवर असतो किंवा पायाजवळच्या बटणाने नेहमीचाच माइक त्या वाटेवर वळवतात. वीस हजार लोकांसमोर उभा राहून तो तिला एक वाक्य बोलू शकतो आणि कुणाला पत्ता लागत नाही. एक सावधगिरी: टॉकबॅक कुणाकुणाच्या कानात जातो हे तीच ठरवते. ड्रमरच्या कानात तो चालू राहिला असेल तर ते खाजगी वाक्य पूर्ण बँडने ऐकलेलं असतं. गैरसमजाचा प्रसंग हवा असेल तर असा घ्या, हरवलेल्या फोनपेक्षा कितीतरी खरा वाटेल.

आता एका कानाचं. खूप गायक कार्यक्रमात एक इन-इअर काढतात, कारण दोन्ही घातले की प्रेक्षक ऐकू येत नाहीत आणि काचेच्या पेटीत बंद झाल्यासारखं वाटतं. इंजिनिअरला हे आवडत नाही. दोन्ही कानांनी मिळून आवाज मोठा भासतो, एक काढला की उरलेल्या कानातला आवाज वाढवावा लागतो, आणि उघडा कान स्टेजवरचा सगळा गोंगाट झेलतो. सुरक्षिततेचा ढोबळ हिशेब असा: ८५ डेसिबलला आठ तास, आणि दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे १०० डेसिबलला पंधरा मिनिटं. नव्वद मिनिटांच्या कार्यक्रमात काय होतं ते करून बघा. यावर उपाय म्हणजे स्टेजच्या कडेला प्रेक्षकांच्या दिशेने दोन माइक लावायचे, त्यांचा आवाज गाण्यांच्या मध्ये त्याच्या मिक्समध्ये वर आणायचा आणि गाणं सुरू होताच खाली न्यायचा. हे प्रत्येक गाण्याच्या शेवटी हाताने करावं लागतं आणि जरा चुकलं तर टाळ्यांचा धबधबा त्याच्या सुरावर कोसळतो.

तुमच्या नायकाला एक कान उघडा ठेवायची सवय द्या. नायिका आठवडाभर काही न बोलता ते दोन माइक त्याच्या श्वासाच्या लयीत वरखाली करत राहते. एका रात्री चौथ्या गाण्याला तो लोंबणारा इन-इअर उचलून कानात घालतो आणि शेवटपर्यंत काढत नाही. तुमच्या सतराव्या प्रकरणाआधी घडायला हवी होती ती गोष्ट ही.

टूरचे तपशील. खर्ड्यात साउंडचेकनंतर "निवांत संध्याकाळ" आहे ती तंत्रज्ञांना नसते. मोठ्या सभागृहाचा दिवस साधारण असा: सकाळी सात-आठला ट्रक उघडतात, आधी छताला टांगायचं सामान, मग दिवे, मग ध्वनी, मग वाद्यं. दुपारी प्रत्येक माइकची लाइन तपासतात. तीन-चारच्या सुमारास मुख्य बँडचा साउंडचेक, त्यानंतर आधी वाजवणाऱ्या बँडचा. सहा-सातला दारं उघडतात. पहिला बँड तीसेक ते पंचेचाळीस मिनिटं, मग अर्ध्या तासाच्या आत मंच बदलायचा, मग मुख्य कार्यक्रम. शेवटचं गाणं संपल्यावर बँड मोकळा, पण तिचे तास तेव्हा सुरू होतात: केबल गुंडाळणं, पेट्या भरणं, ट्रक. बस रात्री एक-दोनला सुटते. त्याची आणि तिची मोकळी वेळ एकमेकांना जवळजवळ लागतच नाही. हे भांडवल म्हणून वापरा. तो पेट्यांवर बसून तिचं काम संपायची वाट पाहतो आणि विचारल्यावर "झोप येत नाही" म्हणतो, एवढं पुरे.

बाविसाव्या प्रकरणात बसमधला प्रणय आहे तो काढा. टूर बसमध्ये बहुधा बारा बंक (झोपायच्या अरुंद जागा) असतात, तिघांच्या चळतीत, प्रत्येकाला फक्त पडदा. आत सरळ बसता येत नाही. अचानक ब्रेक लागला तर डोकं आपटू नये म्हणून पाय बसच्या पुढच्या बाजूला करून झोपतात. संडास फक्त लघवीपुरता, हा नियम मोडणारा माणूस नकोसा होतो. शिवाय बँडची आणि तंत्रज्ञांची बस बहुतेकदा वेगळी असते. पण पडद्याआड दोघं समोरासमोरच्या बंकमध्ये जागी आहेत, मधल्या अरुंद वाटेवर तिचा हात बाहेर लोंबतोय, आणि त्याला तो दिसतोय, हे चालेल. त्यासाठी तो त्या रात्री तंत्रज्ञांच्या बसमध्ये का आला याचं कारण द्यावं लागेल.

तिसरी_तार

थोडं वाद्यांचं. खर्ड्यातला गिटारवादक "कार्यक्रमाच्या दहा मिनिटं आधी नव्या तारा चढवतो" असं असेल तर बदला. नव्या तारा ताणून बसवाव्या लागतात, नाहीतर पहिल्याच गाण्यात सूर उतरतो. हे काम गिटार टेकचं, म्हणजे गिटारं सांभाळणाऱ्या तंत्रज्ञाचं, दुपारचं, आणि तो त्या बोटांनी खेचून, पुन्हा जुळवून, पुन्हा खेचून स्थिर करतो. गाण्यागणिक ट्यूनिंग बदलत असेल तर वेगवेगळी गिटारं क्रमाने लावलेली असतात.

प्रेमकथेत डाव्या हाताच्या बोटांच्या घट्ट्यांचं वर्णन हमखास येतं. ते डाव्या हातालाच असू द्या, नायक डावखुरा नसेल तर. उजव्या हाताच्या बोटांत बहुधा प्लेक्ट्रम (तारा छेडायचा छोटा चपटा तुकडा) असतो. आणि टूरच्या मध्यावर आंघोळीनंतर किंवा पोहल्यावर घट्टे मऊ पडून सोलवटतात, म्हणून तो हात पाण्यात फार वेळ ठेवत नाही. ती भांडं विसळताना त्याने फक्त उजवा हात पुढे करणं, हा छोटा तपशील मला तीन विशेषणांपेक्षा बरा वाटतो.

गायकाचा घसा बसण्याचा प्रसंग तुमच्याकडे नाही आणि तो असायला हवा. स्वरतंतूत रक्तस्राव झाला तर आवाज एकाएकी जातो, बहुधा वेदनेशिवाय. डॉक्टर कॅमेऱ्याने तपासतात आणि पूर्ण मौन सांगतात, अनेकदा आठवडाभर किंवा जास्त. पुटपुटणंही चालत नाही, कुजबुजण्याने घशाला आराम मिळतो हा गैरसमज आहे. अॅस्पिरिनसारख्या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या टाळतात. उलटं_पान म्हणतात तसा तुमचा नायक बोलण्याआड लपत असेल, तर मौनात त्याच्याकडचं एकमेव हत्यार जातं. वहीत लिहून बोलताना माणूस बाष्कळ वाक्यं लिहीत नाही, हात दुखतो. आणि लिहिलेलं खोडलं तरी खाली दिसतं.

शाईचा_डाग

मनापासून आभार. एका कानाचं आणि किस्सा तीनदा येण्याचं लगेच घेतोय. शेवटाबद्दल अजून अडलोय. भर कार्यक्रमातलं गाणं काढलं तर कळसाला काय उरतं? आणि गाण्याच्या ओळी कथेत किती द्याव्यात?

उलटं_पान

आधी ते गाणं का चालत नाही ते बघू. नायिका आतल्या गाठीची आहे. वीस हजार माणसांसमोर तिच्यावर गाणं म्हणणं म्हणजे तिची सर्वांत खाजगी गोष्ट तिला न विचारता चव्हाट्यावर मांडणं. हो म्हणायला तिच्यावर सगळ्या सभागृहाचा दाब. त्यातून ती त्याच्याच टूरवर नोकरी करते. वाचकांना आता हे खटकतं, आणि खटकायलाच हवं. नोकरीचा तिढाही कागदावर सोडवा: तिची नेमणूक प्रॉडक्शन मॅनेजरकडून असू द्या, तिच्या हातात दुसऱ्या टूरचं बोलावणं असू द्या, म्हणजे थांबली तर ती तिच्या मर्जीने थांबली असं होईल.

शिवाय नायकापुरतं पाहिलं तर हा त्याग कसला? गाणं म्हणणं हे त्याचं सगळ्यात सोपं काम आहे. आपण वर ठरवलं की गाणं हीच त्याची लपायची जागा. मग कळसाला त्याने लपायची जागा सोडली पाहिजे.

माझी सूचना उलटी आहे. आधी त्याने ते गाणं गायलेलं असू द्या, तेविसाव्या प्रकरणात, तिने रात्री दोन वाजता सांगितलेलं एक वाक्य जसंच्या तसं ध्रुवपदात घालून. लोक डोक्यावर घेतात. ती कडेला उभी राहून आपलं वाक्य वीस हजार तोंडांतून ऐकते आणि तिचा हात फेडरवर तसाच राहतो. इथे ताटातूट. कळस हा की तो ते गाणं सेटलिस्टमधून काढतो, न सांगता, आणि ते परत घेत नाही. त्यात पैसेही गुंतवा. शब्द तिचे आहेत म्हणून तो तिला गीतलेखनातला वाटा लिहून देतो, आणि ते नोंदवायचं की गाणं कायमचं कपाटात ठेवायचं हे तिच्यावर सोडतो. गाण्याची रचना आणि तिचं ध्वनिमुद्रण हे दोन वेगळे हक्क असतात. रचनेतला वाटा तो आणि सहलेखक देऊ शकतात, ध्वनिमुद्रणावर बहुधा कंपनीची मालकी असते. हा फरक सांभाळा.

ओळींबाबत: खऱ्या गाण्यांच्या ओळी छापायच्या तर हक्कधारकाची परवानगी लागते, दोन ओळींनाही लागू शकते. नाव घेतलं तर सहसा अडत नाही. स्वतःच्या ओळी लिहा आणि एका गाण्याच्या चार ते सहाच द्या. पूर्ण गाणं पानावर सुरांशिवाय पांगळं दिसतं. त्यापेक्षा खोडलेली ओळ दाखवा. त्याने आधी काय लिहिलं होतं आणि त्याऐवजी काय ठेवलं, यातून मिटलेला माणूस चांगला कळतो.

कोरं_पान

उलटं_पान यांच्या एका मुद्द्याला माझा विरोध आहे. "मला वाटलं" निम्मे कापा हे त्याच्या प्रकरणांत ठीक. तिच्या प्रकरणांत तसंच केलंत तर दोन्ही निवेदनं एका आवाजाची होतील, आणि आलटून पालटून लिहिण्याचा अर्थ जाईल. ती भीतीने मिटलेली आहे, म्हणजे तिला आपलं मन नीट माहीत आहे. तिला भरपूर वाटू द्या, फक्त तोंडातून येऊ देऊ नका. तिचं प्रकरण आतून गजबजलेलं, त्याचं वस्तूंनी भरलेलं. नाव झाकून कुठलंही पान वाचलं तरी कुणाचं ते कळलं पाहिजे.

आणि मराठीत लिहिताय तर भाषेनेच दिलेल्या दोन सोयी सोडू नका. पहिली "तुम्ही" आणि "तू". सुरुवातीला कामाचं नातं आहे, दोघं अहो-जाहो करतील. बदल कधी, कोण आधी, आणि दुसऱ्याने तो कधी स्वीकारला हे प्रकरणाच्या क्रमांकासकट ठरवून ठेवा. मध्ये काही काळ तो "तू" म्हणतो आणि ती "तुम्ही"च म्हणत राहते, त्या दरीत चार-पाच चांगले प्रसंग बसतात. भांडणात ती "तुमचं गाणं छान झालं" असं म्हणून "तुम्ही"वर परत गेली की दार आपटल्याचा आवाज येतो.

दुसरी सोय "आम्ही" आणि "आपण". बँडचा माणूस दिवसभर "आम्ही" म्हणतो: आम्ही उद्या निघतो, आम्ही मार्चमध्ये रेकॉर्ड करतो. त्या "आम्ही"त ती नाही. त्याने एकदा, पेट्या भरताना, सहज "आपण उद्या किती वाजता निघतो?" म्हणावं. तिने उत्तर वेळेचंच द्यावं. संपूर्ण हस्तलिखित शोधून त्याच्या तोंडचे आधीचे सगळे "आपण" काढून टाका, तरच त्या एकाला वजन येईल.

शाईचा_डाग

"आपण" शोधले. नायकाच्या संवादांत त्रेचाळीस निघाले, काढतोय. शेवटचा प्रश्न मंचामागची यांना: गाणं सेटलिस्टमधून काढलं तर नायिकेला ते नेमकं कधी आणि कसं कळेल? तिला स्टेजवर कळावं की आधी?

मंचामागची

आधी कळेल, आणि कागदावरून कळेल. मोठ्या कार्यक्रमात गायकाच्या मनात आलं आणि गाणं गाळलं असं होत नाही. डेस्कमध्ये प्रत्येक गाण्याची वेगळी मांडणी साठवलेली असते, दिव्यांचे संकेत गाण्याच्या क्रमाने लावलेले असतात, ड्रमरच्या कानातली क्लिक (ताल धरायची टिकटिक) आणि मागचे ट्रॅक (आधीच मुद्रित केलेले आवाज) त्याच क्रमाने सुटतात, गिटार टेकने गिटारं त्याच क्रमाने ठेवलेली असतात. म्हणून नायकाला साउंडचेकनंतर टूर मॅनेजरकडे जाऊन सांगावं लागेल, आणि तो कारण विचारेल. कारण न सांगणारा माणूस इथे कुणाला तरी कारण सांगतो, किंवा "मला नाही गायचं ते" एवढंच, पण पहिल्यांदा कामाची सबब न देता. हा प्रसंग त्याच्या प्रकरणात घ्या.

मग बदललेली यादी छापली जाते. एकेक प्रत प्रत्येकाच्या जागी जमिनीला गॅफर टेपने चिकटवतात, एक तिच्या डेस्कवर येते. तिला काही सांगायला कुणी येत नाही, सगळे आपापले संकेत बदलण्यात असतात. ती यादी बघते, आठव्या गाण्यानंतर थेट जुनं दहावं. तिला स्वतःच्या हाताने ते गाणं डेस्कच्या क्रमातून गाळावं लागतं. गाळताना यंत्र विचारतं की नक्की का. पुसून टाकायची गरज नसते, क्रमातून वगळलं तरी मांडणी आत शिल्लक राहते. ती काय निवडते ते तुम्ही ठरवा.

तोवर दारं उघडायला वीसेक मिनिटं राहिलेली असतात. तो आत घसा गरम करतोय, तिला त्याच्या पॅकमध्ये (इन-इअरला आवाज पोचवणाऱ्या छोट्या वायरलेस पेटीत) नवे सेल घालायचेत, वायरलेसच्या फ्रिक्वेन्सी पुन्हा तपासायच्यात. भेट होणार ती तो स्टेजवर जाताना, पडद्याआड, अंधारात, ती त्याच्या पाठीला पॅक अडकवून इन-इअरची वायर कॉलरमधून वर काढते तेव्हा. साधारण पंधरा सेकंद मिळतात आणि त्या वेळी त्याची पाठ तिच्याकडे असते. जे बोलायचं ते तिथे बोलू देऊ नका. आठवं गाणं संपू द्या, टाळ्या खाली येऊ द्या, आणि त्याच्या दोन्ही कानांत तिचा आवाज जाऊ द्या, कारण टॉकबॅकची एक वाट तिच्याकडून त्याच्याकडेही जाते. तिने एवढंच विचारावं, "पुढचं लावू?"